जुन्या चार दारी फियाटची दोन दारी कूपे करता येईल का?

येईल, पण फक्त मागची दारं वेल्ड करून बंद केली की कूपे होत नाही. पुढचं दार तोकडंच राहतं आणि गाडी पार्सल व्हॅनसारखी दिसते. मधला पिलर (दोन दारांमधला खांब) मागे सरकवून पुढचं दार लांबवावं लागतं.

इथेच खरी मेख आहे. फियाट 1100 ला किंवा पद्मिनीला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच पेलते. म्हणून कटर लावण्याआधी आतून आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर पिलर कापला की छत आणि सिल (दाराखालची चौकट) दोन्ही वाकतात. सिल गंजलेलं असेल (बहुतेक असतंच) तर आधी ते बदला. दार लांब झालं की जड होतं, जुनी बिजागरं लोंबतात. पिलरला आतून जाड पत्रा द्या. काचेचं माप दार पूर्ण बसल्यावरच काढा, कारण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, फुटून चुरा होतो.

आता कागदपत्रं. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, त्यामुळे आधी आरटीओत विचारा. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते ती मूळ रूपात असेल तरच. बॉडी कापली की तो हक्क गेला. गाडी धड असेल तर मी कापणार नाही. मागची दारं सडलेलीच असतील तर मात्र खुशाल हात घाला.