वजन कमी करण्याच्या (जठराच्या) ऑपरेशनची तारीख ठरली? आता एवढं सांभाळा

ताई, घाबरू नका. पुढचं सगळं आत्ताच पाठ करायची गरज नाही.

ऑपरेशनआधीचे साधारण २ आठवडे कमी पिष्टमय आणि जास्त प्रथिनांचा आहार देतात. त्याने यकृतातली चरबी उतरते, यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोहोचणं सोपं जातं. म्हणून "शेवटची एकदा मिसळ, एक मस्तानी" हा मोह टाळाच. तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद.

ऑपरेशननंतर खाणं आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. टप्पे तुमचे डॉक्टर ठरवतील. घरच्यांच्या आग्रहाने पुढे उडी नको. वाटलेल्या टप्प्यात मुगाचं घट्ट वरण २-३ चमचे पुरे होतं, आणि ते खायला २० मिनिटं लागली तर उत्तमच.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- जेवताना पाणी. जेवणानंतर अर्धा तास थांबा. एरवी दिवसभर घोट घोट, दीड लिटरपर्यंत.
- आधी भात, पोळी. प्रथिनं पहिली: दिवसाला ६० ग्रॅम तरी. अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतात, त्यामुळे सुरुवातीला प्रथिनांची पावडर लागतेच. ताजा पाव आणि मऊ भात चिकट गोळा होऊन अडकतात.
- उसाचा रस. गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्न थेट आतड्यात वळवणारं ऑपरेशन) असेल तर साखरेने धडधड, घाम, जुलाब.
- बरं वाटलं की गोळ्या बंद. बी १२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियममध्ये २ तासांचं अंतर.

सतत उलट्या, ताप किंवा नाडी जोरात चालली, तर सकाळची वाट न पाहता सर्जनला फोन करा.