उलट्या दिशेने आलेले प्रश्न

पुण्यातील वाहनचालकांच्या सवयींविषयी शंका विचारण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे वाचल्यावर तक्रार करणारे आणि ज्यांच्याविषयी तक्रार आहे ते, ही बहुधा एकच मंडळी असावीत, असा दाट संशय येतो.

प्रश्न : लक्ष्मी रस्ता एकेरी आहे हे मला मान्य आहे. परंतु माझे दुकान कोपऱ्यापासून चार पावलांवर आहे आणि नियमाने जायचे तर केवढा वळसा पडतो! दुचाकीचा दिवा लावून, कडेकडेने, सावकाश गेल्यास हरकत आहे का?
— एक व्यापारी, पुणे

उत्तर : हरकत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्यातच मोडते, आणि पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कडेने आणि सावकाश येणाऱ्यांसाठी त्यात सवलत ठेवलेली नाही. शिवाय ज्या कडेने आपण येता, तिथूनच सायकलवाले आजोबा जात असतात आणि तिथेच पदपथावरून खाली पाऊल टाकणारी बाई, रस्ता एकेरी असल्याच्या भाबड्या समजुतीने, फक्त एकाच बाजूला पाहत असते. (मुरलेला पुणेकर पादचारी दोन्हीकडे पाहतो, ते आपल्यासारख्यांच्याच कृपेने.) दिव्याचे म्हणाल, तर एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत पेटलेलाच असतो, त्यामुळे तो लावल्याचे श्रेय आपल्याला देता येत नाही. वर समोरून योग्य दिशेने येणाऱ्यालाच 'दिसत नाही का?' असे विचारण्याचा आपला परिपाठ असेल, तर त्याला दिसते आहे, म्हणूनच आपण हे पत्र लिहू शकलात.

प्रश्न : सिग्नलवर अजून पाच-सहा सेकंद बाकी असताना मागचे लोक हॉर्न का वाजवू लागतात?
— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : आम्हीही बरेच दिवस याला निव्वळ उतावीळपणा समजत होतो. परंतु चौकात नीट पाहिले असता असे आढळते की, पहिल्या रांगेतील वीर थांबरेषा आणि झेब्रा पट्टे ओलांडून इतके पुढे सरकलेले असतात की सिग्नलचा खांब त्यांच्या पाठीमागे जातो. दिवा हिरवा झाल्याची वार्ता त्यांना मागच्या हॉर्नवरूनच कळते, आणि ती वेळेत पोहोचावी म्हणून मागचे आधीपासूनच सराव सुरू करतात. थोडक्यात, पुढच्याने पट्ट्यांमागे थांबायचे ठरवले तर हॉर्नचे निम्मे प्रयोजन संपेल. तोवर एवढे ध्यानात असू द्या की विनाकारण हॉर्न वाजवण्याला कायद्यात पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे, आणि शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या शंभर मीटरांत, तो वाजवायचाच नसतो.

प्रश्न : रिक्षावाले काका वळताना पाय बाहेर काढतात. तो इशारा समजावा का?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : समजावा आणि लांब राहावे. नियमांत हाताचे इशारे आहेत, पायाचा एकही नाही. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. तोच पाय बाहेर आला की ब्रेकवर कोणी उरत नाही. वळणाचा अंदाज पायावरून बांधण्यापेक्षा आतल्या प्रवाशाच्या चेहऱ्यावरून बांधलेला बरा.

प्रश्न : चौकातून सरळ जाताना चारही इंडिकेटर लावावेत, असे मला सांगण्यात आले आहे.
— एक नवशिका चालक, हडपसर

उत्तर : ज्याने सांगितले त्याच्याकडून पुढे काहीही शिकू नये. बाजूने येणाऱ्याला आपल्या गाडीचा एकच कोपरा दिसतो, आणि आपण वळणार आहात असे समजून तो बिनधास्त पुढे येतो. ते दिवे गाडी रस्त्यात बंद पडल्यावर लावायचे असतात.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. क्लास घराजवळच आहे आणि गल्लीबोळातूनच जायचे आहे. माझी स्कूटर त्याने नेली तर चालेल ना? तो माझ्यापेक्षा चांगली चालवतो.
— एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : शेवटच्या वाक्याविषयी आम्हाला शंका नाही, पण कायदा कौशल्य विचारत नाही, वय विचारतो. आपली सव्वाशे सीसीची स्कूटर अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती सापडून त्याच्याकडून गुन्हा घडला, तर कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे दहावीचा क्लास गाठण्याच्या नादात त्याला पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीवरही बसने जावे लागेल. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा, आणि तशी गाडी आता शोरूममध्ये शोधून सापडणे कठीण. क्लास खरोखरच जवळ असेल, तर त्याला सायकल घेऊन द्यावी, आणि ती गल्लीतून उलट्या दिशेने न आणण्याची ताकीदही सोबत द्यावी.