सौर बंब घरोघरी चालतो, मग आरशांनी वाफ करून गच्चीवरच वीज का तयार करत नाहीत?

तुम्ही विचारताय तेच डोक्यात घेऊन मी कॉलेजात असताना एका जुन्या डिश अँटेनाला आतून आरशाचे तुकडे चिकटवले होते. नीट रोखली की तिच्यासमोर धरलेलं लाकूड लगेच धुमसायचं. वाटलं, जिंकलो! तापमान वहीत टिपायला मान खाली घातली, वर पाहिलं तर उजेडाचा ठिपका समोर बसवलेल्या पाण्याच्या नळीवरून घसरलेला. सूर्य तासाला 15 अंश सरकतो आणि त्याची तबकडी जेमतेम अर्ध्या अंशाची. म्हणजे दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला होतो. मग मोटर आली, गिअर आले, वाऱ्याशी भांडण आलं.

तेही जमवता येतं. खरं दुखणं इंजिनात आहे. ढोबळ हिशोब करा: 10 चौरस मीटर आरशावर कडक उन्हात साधारण 10 किलोवॉट ऊर्जा पडते. गळती जाऊन 6-7 किलोवॉट उष्णता हाती लागते. छोट्या वाफेच्या इंजिनाने त्यातली दहा टक्के विजेत उतरवली तरी पुष्कळ, म्हणजे 600-700 वॉट. तेवढ्याच जागेत 20 टक्के कार्यक्षमतेची पॅनेल 2 किलोवॉट देतात, तीही काही न हलवता. टर्बाइन लहान केली तरी पाती आणि कवच यांच्यातली फट त्या मानाने लहान होत नाही, वाफ तिथूनच निसटते. बारीक नळ्या गारही लवकर होतात. पॅनेलला लहान-मोठं सारखंच. शिवाय ढगाळ उजेडातही ते थोडंफार चालतं; आरशाला थेट किरणच लागतात.

(डिशवर स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आत कोंडलेला वायू तापवून-गार करून चालणारं इंजिन, बसवून 2008 साली अमेरिकेतल्या सांडिया प्रयोगशाळेत 31.25 टक्के कार्यक्षमता गाठली होती. पण ते हायड्रोजन भरलेलं इंजिन गच्चीवर चढून दुरुस्त कोण करणार?)

मोठ्या केंद्रांची गोष्ट निराळी, कारण तिथे उष्णता साठवता येते. स्पेनमधलं हेमासोलार 2011 साली सुरू झालं. जेमतेम 20 मेगावॉटचं, पण ऊन नसताना 15 तास चालेल एवढी साठवण. सोडियम नायट्रेट आणि आपला सोरा (पोटॅशियम नायट्रेट) यांचं वितळलेलं मिश्रण 290 अंशांच्या टाकीतून, सगळे आरसे ज्याच्यावर ऊन रोखतात त्या मनोऱ्यावर चढतं आणि 565 अंशांना तापून दुसऱ्या टाकीत उतरतं. हे मीठ 220-240 अंशांच्या आसपासच गोठायला लागतं, म्हणून नळ्यांना आणि व्हॉल्व्हना विजेच्या हीटरची तार गुंडाळलेली असते. एक व्हॉल्व्ह गार पडला की आत दगड! अमेरिकेत नेव्हाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या अशाच केंद्रात 2016 साली मिठाची टाकीच गळली, केंद्र कित्येक महिने बंद. अशा कामाला चोवीस तास माणसं लागतात.

तेव्हा गच्चीवर गरम पाण्याला बंब आणि विजेला पॅनेल. उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर बंबासारखं किफायतशीर काही नाही. पॅनेल लावताना मात्र सावली दिवसभर बसून बघा. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका खांबाची पट्टीएवढी सावलीही बरीच वीज खाते. आणि बसवणाऱ्याला आधीच विचारा, बाहेरची वीज गेल्यावर काय? साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर त्या क्षणी स्वतःच बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. भर उन्हातही घरात अंधार नको असेल तर बॅटरी आणि ती चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल.