कंपनीला कधी कळवलं ते सोडा, पोलिसांना कधी कळवलं ते सांगा

नाशिकरोडच्या एका वाचकांचा लांबलचक ई-मेल आला आहे. त्यांनी जुनी प्रवासी व्हॅन घेतली. आत पलंग, ओटा, सिंक, दुसरी बॅटरी आणि छतावर सोलर पॅनल बसवून घेतलं. घरच्यांना घेऊन ते कोकणात गेले आणि किनाऱ्याजवळच्या एका खासगी मोकळ्या जागेत रात्रीचे तीनशे रुपये देऊन गाडी लावली. लहान मुलाला डास चावतात म्हणून सगळे जवळच्या होमस्टेमध्ये झोपले. सकाळी गाडी जागेवर नव्हती. एफआयआर सहाव्या दिवशी नोंदला गेला, विमा कंपनीला तेविसाव्या दिवशी कळवलं. कंपनीने दोन कारणं देऊन दावा नाकारला: कळवायला उशीर झाला, आणि दुसरी किल्ली गाडीच्याच खणात होती. त्या पत्राला आता सतरा महिने झाले. ते विचारतात, ‘तेवीस दिवसांचा उशीर माफ होईल का? आणि आतल्या सामानाचे पावणेचार लाख मिळतील का?’

कॅम्पर व्हॅन सोबत असताना होमस्टेत का झोपलात, हे मी विचारत नाही. कंपनीचा वकील विचारेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

सुट्ट्या संपल्या की अशी पत्रं हमखास येतात. गाडी कोणती आणि कुठून गेली एवढंच बदलतं, प्रश्न तोच असतो: कंपनीला उशिरा कळवलं, आता काय? त्यामुळे चोरी म्हणजे काय, विमा म्हणजे काय, ही उजळणी करत नाही. तुम्ही चुकीच्या उशिराची काळजी करत आहात, तिथून सुरुवात करतो.

पॉलिसीतली पहिली अट काढून वाचा. पॉलिसी आजवर उघडलेली नाही हे तुमच्या ई-मेलवरून दिसतंच आहे. त्या अटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसान झालं की कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं, ही पहिली. चोरी किंवा दुसरं फौजदारी कृत्य असेल तर पोलिसांना ताबडतोब कळवायचं आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून कंपनीला सहकार्य करायचं, ही दुसरी. या दोन्हींचं वजन सारखं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे ट्रॅक्टर चोरीला गेला, एफआयआर त्याच दिवशी झाला आणि कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं. तरी दावा मान्य झाला. चोरीचा तपास पोलीस करतात, कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, नाही. पोलिसांना लगेच कळवलं असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्यावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शनच्या खटल्यात ट्रकबाबत हेच पुन्हा सांगितलं. तिथे तर कंपनीला पाच महिन्यांनी कळवलं होतं.

म्हणजे तुमचे तेवीस दिवस फारसे आड येणार नाहीत. आड येतील ते सहा दिवस.

कारण वरच्या दोन्ही निकालांचा पाया एकच आहे: एफआयआर लगेच झाला होता. तुमचा नाही. ‘ताबडतोब’ म्हणजे किती तास हे पॉलिसीत लिहिलेलं नाही, पण पोलिसांकडे काही दिवस उशिरा गेलेल्यांचे दावे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळलेले आहेत. त्यामुळे तुमचं सगळं प्रकरण आता एका गोष्टीवर उभं आहे: पोलिसांना पहिल्याच दिवशी कळवलं होतं, हे कागदावर दाखवता येतं का?

तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की सकाळीच ११२ वर फोन केला, दोन पोलीस येऊन जागा बघून गेले, दुपारी ठाण्यात ‘साधा अर्ज’ दिला आणि ‘आधी शोधू, मग बघू’ असं सांगून तुम्हाला परत पाठवलं. अहो, हे ई-मेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीत का? हेच तर तुमचं प्रकरण आहे. व्हॅनचे आठ फोटो जोडलेत, त्यातला एक आतल्या पडद्यांचा. एफआयआरची प्रत मात्र नाही.

ती प्रत काढा आणि तीन ठिकाणी बघा. गुन्हा कधी घडला, पोलीस ठाण्याला माहिती कधी मिळाली, आणि तक्रार द्यायला उशीर का झाला. तिन्हीसाठी छापील रकाने असतात. उशिराच्या रकान्यात ‘सुरुवातीला अर्ज दिला होता’ असं काही लिहिलं असेल तर अर्धं काम झालं. तिथे ‘निरंक’ असेल आणि माहिती मिळाल्याची तारीख सहाव्या दिवसाची असेल, तर पुरावा बाहेरून आणावा लागेल. तुमच्या मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाचा कॉल तपशील मागवा. त्या पोलीस ठाण्याकडे माहिती अधिकारात अर्ज करून त्या तारखेची स्टेशन डायरीतली नोंद आणि तुमच्या अर्जाची आवक नोंद मागा, ११२ च्या कॉलची नोंदही मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. प्रत्यक्षात अपील करावं लागेल असं धरून चाला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला होता का? ‘बहुतेक घेतला होता, शोधतो’ हे तुमचं वाक्य वाचून मी पेन खाली ठेवलं. शोधा.

खरं तर सहा दिवस घालवायची गरजच नव्हती. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तुमची चोरी त्यानंतरची आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा, चोरीसारख्या) माहिती हद्द न बघता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. तुम्ही नाशिकला परतलात तेव्हा इथल्या ठाण्यात ‘गुन्हा कोकणातला, तिकडेच जा’ असं ऐकलंत आणि मान डोलावून घरी गेलात. ते उत्तर कायद्याला धरून नव्हतं. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागायचं असतं, हे आपल्याकडे कोणी करत नाही.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: दावा नाकारल्याच्या तारखेपासून दोन वर्षं. सतरा महिने तुम्ही कंपनीला ‘कृपया फेरविचार करावा’ असे ई-मेल पाठवण्यात घालवलेत. त्यांनी घड्याळ थांबत नाही. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पन्नास लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार विनाशुल्क आणि वकिलाशिवाय करता येते, पण तिथली मुदत एक वर्षाची आहे. तुमच्यापुरता तो रस्ता बहुधा बंद झाला. राहिला जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून नाशिकलाच करा. कोकणात किंवा कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जायची गरज नाही. फी दाव्याच्या रकमेवर नसून तुम्ही भरलेल्या हप्त्यावर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. सात महिने आहेत म्हणून निवांत राहू नका. पोलिसांचे कागद यायलाच दोन-तीन महिने जातील. कायदा म्हणतो की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत तक्रार निकाली काढावी. ते वाक्य मी अशिलांना आता वाचूनही दाखवत नाही. दाखवलं की ते तीन महिन्यांनी फोन करतात.

किल्लीबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. गाडी सुरक्षित राहावी म्हणून वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची वेगळी अट आहे. चालक किल्ली गाडीतच ठेवून उतरला आणि ट्रक गेला, अशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये (अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स) विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के देणं योग्य मानलं. तुमची दुसरी किल्ली बंद खणात होती, गाडी कुलूपबंद होती. किल्ली आत आहे हे चोराला बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता, हा तुमचा चांगला मुद्दा. कंपनीच्या तपासनिसाला तुम्ही काय लिहून दिलंत हे मात्र मला माहीत नाही. ‘किल्ली गाडीत राहिली’ एवढंच लिहून सही केली असेल तर ते कागदावरचं वाक्य तुमच्या तोंडच्या खुलाशापेक्षा जड भरेल. पंचाहत्तर टक्के मिळाले तर समाधान माना. शंभर मागा.

आतल्या सामानाचे पावणेचार लाख विसरा. चोरीत मिळते ती पॉलिसीवर छापलेली घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही. ती गाडीच्या कंपनीच्या छापील किमतीतून वयाप्रमाणे घट करून ठरते, चार-पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट. बाहेरून बसवलेलं सामान वेगळं जाहीर करून त्याचा जादा हप्ता भरला असेल तरच ते धरलं जातं. तुम्ही भरलेला नाही.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. तुम्ही पेठ रोडच्या आरटीओत गेलाच नव्हता, कारण गॅरेजवाला ‘काही लागत नाही’ म्हणाला. गॅरेजवाल्याचं कायद्याचं ज्ञान हा आपल्या शहरातला जुना विषय आहे. कंपनीच्या नकाराच्या पत्रात हे कारण दिलेलं नाही. पत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर सहसा पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण पावणेचार लाख मागायला गेलात तर तो विषय तुम्ही स्वतःच पटलावर आणाल. विचारलं तर खरं सांगा. पैसे मात्र मागू नका.

जागामालकावर दावा होईल का? दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलमधून गाडी चोरीला गेली, तेव्हा ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापून हात झटकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं. पण तिथे गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली होती. तुमची किल्ली तुमच्याच खिशात होती, पावतीही नाही. त्याला साक्षीदार म्हणून वापरा, गाडी रात्री तिथे उभी होती हे त्याच्याकडून लिहून घ्या. घोटीच्या टोलनाक्यापासून कोकणापर्यंतच्या फास्टॅगच्या नोंदी बँकेकडून काढून त्यासोबत जोडा. गाडी खरंच तिकडे गेली होती हे त्यातून दिसतं. चोरीनंतर एखाद्या नाक्यावर पैसे कापले गेलेत का, तेही त्यात बघा. हे पहिल्याच दिवशी बघायचं होतं.

पुढच्या सुट्टीत कॅम्पर घेऊन निघणाऱ्यांसाठी थोडं. दुसरी किल्ली घरी किंवा वेगळ्या माणसाच्या खिशात. कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागतेच. स्टिअरिंग लॉक लावा आणि इंधन तोडणारा छुपा स्विच बसवून घ्या. ट्रॅकरची वर्गणी संपली तर तो नुसता डबा आहे. आमच्या वाचकांची मार्चमध्ये संपली होती. पॉलिसीत चोरीविरोधी उपकरणाची सूट घेतली आहे का हेही तपासा. अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. एजंट परस्पर टाकतो, आणि उपकरण नसेल किंवा बंद असेल तर तेवढ्या पाचशेसाठी लाखांच्या दाव्यात वाद उभा राहतो. आणि गाडी नवी असेल तर तात्पुरत्या नोंदणीवर लांब जाऊ नका. जोधपूरच्या एका अतिथीगृहाबाहेरून बोलेरो चोरीला गेली, तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत काही दिवसांपूर्वीच संपली होती. तेवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संपूर्ण दावा नाकारला. पंचाहत्तर टक्केही नाहीत.

शेवटची दोन कामं. पोलिसांनी ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा अहवाल, न्यायालयात पाठवला आहे का याची चौकशी करा. न्यायालयाने तो मंजूर केल्याची प्रत तक्रारीला जोडता येईल. आली नसेल तर तिच्यासाठी थांबू नका, तक्रार आधी दाखल करा. आणि कर्जाचे हप्ते थांबवू नका. गाडी गेली तरी कर्ज राहतं, आणि आरसीवर बँकेचा बोजा असल्यामुळे विम्याची रक्कम आलीच तर आधी बँकेकडे जाईल. मध्येच गाडी सापडली तर सुपूर्दनाम्यावर (न्यायालयाला हमीपत्र देऊन) ताबा घेण्यापूर्वी मला फोन करा, कारण मग तक्रारीतली मागणी बदलावी लागेल.