जुन्या गाडीत पाणी शिरतंय? आधी वाट शोध

फटी बुजवायची सिलिकॉनची ट्यूब तूर्तास बाजूला ठेव. पाणी साचतं एकीकडे, शिरतं भलतीकडूनच.

आधी ते पाणी कसलं आहे ते बघ. चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव; मग हीटर कोअर, म्हणजे गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, गळतोय. पाऊस नसताना एसी चालवल्यावर स्वच्छ पाणी दिसलं तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय.

पावसाचंच असेल तर कार्पेट उचल, एकाला टॉर्च देऊन आत बसव आणि बाहेरून नळीने हळू पाणी सोड, खालून वर सरकत. वरून सुरुवात केलीस तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. माझा पहिला संशय नेहमी वायपरखालच्या जाळीवर; तिथे पानं अडकून निचरा बंद होतो. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्याही तपास. दाराचं रबर मात्र घाईने बदलू नकोस, बरेचदा आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा सुटलेला असतो.

आणि कार्पेटखालचा फोम पूर्ण वाळव, नाहीतर पत्रा गंजेल.