‘इच्छामरणाचा अर्ज’ की ‘वैद्यकीय इच्छापत्र’?

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे की, पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा कागद, म्हणजे ‘लिव्हिंग विल’, याला मराठीत नेमके काय म्हणावे. प्रश्नामागची हकीकत त्यांनीच कळवली आहे. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाबाहेर ते हा कागद टंकलिखित करून घ्यायला बसले होते. मजकूर त्यांनी घरून लिहून नेला होता, मथळा मात्र नेला नव्हता. टंकलेखकाने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि वर ठळक अक्षरांत ‘इच्छामरणाचा अर्ज’ असे टाकून दिले. पुढे नेहमीच्या डॉक्टरांना तो दाखवला तेव्हा त्यांनी मथळा पाहताच कागद परत सरकवला आणि “हे आपल्याकडे चालत नाही, सर,” एवढेच म्हणाले. आतला मजकूर असा होता की, आजार बरा होण्यापलीकडे गेला तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावेत.

माझ्या मते त्या मथळ्यातले दोन्ही शब्द चुकले आहेत आणि त्यांतही ‘अर्ज’ अधिक चुकला आहे.

‘इच्छामरण’ म्हटले की मराठी माणसाला भीष्म आठवतात. शंतनूने दिलेल्या वरामुळे मरणाची वेळ त्यांच्या हाती होती आणि शरपंजरी पडूनही ते उत्तरायणाची वाट पाहत राहिले. म्हणजे या शब्दात इच्छेचा विषय मरण हाच आहे. शिक्षकांच्या कागदात इच्छेचा विषय उपचार आहे. मरण येणार ते आजाराने, कागदाने नव्हे. ज्या ग्रीक घडणीतून ‘युथनेशिया’ हा मूळ इंग्रजी शब्द आला तिचा अर्थ ‘चांगले मरण’ एवढाच आहे. त्यात इच्छाही नाही आणि दयाही नाही. या दोन्ही गोष्टी आपण भाषांतरात घातल्या. ‘इच्छामरण’चा विग्रह ‘इच्छेने मरण’ असा केला की इच्छा रुग्णाची ठरते. ‘दयामरण’चा ‘दयेने दिलेले मरण’ असा केला की दया दुसऱ्याची ठरते आणि रुग्ण वाक्यातून बाहेर पडतो.

हा भेद नुसता व्याकरणाचा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर स्वतःची इच्छा सांगण्याच्या अवस्थेत राहिल्याच नव्हत्या. त्यांच्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, पण अशा रुग्णांचा कृत्रिम जीवनाधार उच्च न्यायालयाच्या परवानगीने काढता येईल, असे त्याच निकालात सांगितले. त्या प्रकरणात ‘दयामरण’ शब्द निदान वस्तुस्थितीला धरून होता. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मात्र वेगळी गोष्ट मान्य केली: शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला, पुढे आपण बोलू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते, आणि हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधून येतो. इथे दया करणारा कोणी उरत नाही. मरण ओढवून आणणारे इंजेक्शन देणे, म्हणजे ज्याला सर्वसाधारण वाचक इच्छामरण समजतो ते, या निकालानंतरही भारतात गुन्हाच आहे. डॉक्टरांनी कागद परत सरकवला तो या समजुतीने. त्यांना दोष देण्याआधी मथळ्याला द्यावा लागेल.

वर्तमानपत्रांनी काढलेली पळवाट म्हणजे ‘निष्क्रिय इच्छामरण’. मराठीत निष्क्रिय असतो तो फायलीवर बसून राहिलेला अधिकारी. व्हेंटिलेटर न लावता वेदना, धाप आणि तगमग यांवर रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरला आणि नर्सला हे विशेषण लावणे अन्यायाचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१८ मध्ये या विषयाची परिभाषा ठरवताना ‘पॅसिव्ह युथनेशिया’ हा प्रयोग टाळावा असेच सुचवले. जो मूळ शब्दच जाणकारांनी सोडला, त्याचे भाषांतर आपण का सांभाळत बसावे?

आता ‘अर्ज’. अर्ज करणारा परवानगी मागतो आणि देणारा ती नाकारू शकतो. शिक्षकांच्या कागदात ‘अर्जदार नम्र विनंती करतो की’ अशी सुरुवात टंकलेखकाने सवयीने केली आहे. पण नको असलेला उपचार नाकारायला रुग्णाला कोणाची परवानगी लागत नाही. कागद मागणी करत नसून निर्णय कळवतो. आपल्या रुग्णालयांतली भाषा या बाबतीत एकूणच तिरकी आहे. माझ्या मामांना घरी आणले तेव्हा ‘आता घरी न्या’ असे डॉक्टरांनीच सांगितले होते, आणि तरीही सही घेतली ती ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ या छापील ओळीखाली. मामी कितीतरी दिवस त्या ओळीचाच विचार करत होती.

मग शब्द कोणता घ्यावा? ‘जिवंत मृत्युपत्र’ हा उघडच विनोद आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ‘विल’ म्हणजे मालमत्तेविषयीची आणि मृत्यूनंतर अमलात यायची इच्छा. हा कागद तर मृत्यूच्या आधीच लागू व्हायचा आणि त्यात मालमत्ता नसते. शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी १९६९ मधील लेखात ‘लिव्हिंग विल’ हा प्रयोग मांडला तेव्हा इंग्रजीतही ती चमत्कृतीच होती. न्यायालयाच्या ‘अ‍ॅडव्हान्स मेडिकल डिरेक्टिव्ह’साठी ‘अग्रिम वैद्यकीय निर्देश’ असे लिहिलेले दिसते. परंतु ज्यांनी सरकारी नोकरीत सण अग्रिम घेतला आहे त्यांना तो वैद्यकीय खर्चाची उचल वाटेल. ‘आगाऊ’ हा खरा मराठमोळा शब्द, पण तो कार्ट्याला चिकटलेला आहे. ‘निर्देश’चा मराठीतला जुना अर्थ उल्लेख असा आहे, आज्ञा हा अर्थ कार्यालयांतून रुळला.

उरतो ‘वैद्यकीय इच्छापत्र’, आणि मला तोच पसंत आहे. नुसते ‘इच्छापत्र’ म्हटले तर लोकांना जमीन आणि फ्लॅट आठवतात हे खरे, पण ‘वैद्यकीय’ लागले की तो घोळ मिटतो, आणि ‘इच्छा’ हा शब्द जिथे शोभतो तिथे राहतो. जुना शब्द शोधण्याच्या फंदात पडू नये. अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचे प्रायोपवेशन आहे, जैनांचा संथारा आहे, आणि निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्याला ‘समाधी घेणे’ काही नवे नाही. परंतु ही सर्व माणसाने स्वतः केलेल्या कृतीची नावे आहेत. यंत्र नाकारण्याला जुना शब्द नाही, कारण यंत्रच नव्हते.

त्याच ओघात आणखी एक: निकालातल्या ‘डिग्निटी’साठी ‘सन्मान’ लिहिले जाते आणि ‘सन्मानाने मरण’ म्हणताच मला शाल-श्रीफळ दिसू लागते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे आहे. तोच शब्द घ्यावा.

शिक्षकांनी कागद नव्याने करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने पद्धत सोपी झाली आहे: न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे लागत नाही, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घेता येतो, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे त्यात घालता येतात. प्रत्यक्ष वेळ येईल तेव्हा निर्णय एकट्या डॉक्टरवर पडत नाही. रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुय्यम मंडळ यांचे मत घ्यावे लागते. मथळा ‘वैद्यकीय इच्छापत्र’ एवढाच असावा, आणि ‘अर्जदार नम्र विनंती करतो की’ हे खोडून पहिले वाक्य असे लिहावे: ‘मी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना ठरवले आहे की, माझा आजार बरा होण्यापलीकडे गेल्यास पुढील उपचार सुरू करू नयेत आणि सुरू असल्यास थांबवावेत.’ ‘सुरू करू नयेत’ आणि ‘थांबवावेत’ ही दोन्ही क्रियापदे ठेवावीत. एकच लिहिले तर लावलेल्या नळीपाशी घरचे पुन्हा अडतील.