गावच्या विहिरीत ९ वर्षांच्या लेकीला पोहायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं आणि चार दिवसांत तुम्हाला पोहता आलं. आता मे महिन्यात लेकीलाही तसंच ढकलावं का?

ढकलू नका. मोठेपणी आठवतं ते ढकलणं, पण शिकवण्याचं खरं काम त्या डब्यानं केलेलं असतं, आणि खाली पाण्यात तयारीत थांबलेल्या मोठ्या माणसानं. ढकललेलं पोर श्वास कोंडून, मान ताणून, हात आपटत तरंगायला बघतं. ती सवय अंगात मुरली की मोडणं फार जड जातं.

विहीर पायऱ्यांचीच निवडा आणि पायऱ्या पाण्याखालीही उतरलेल्या हव्यात, कारण विहिरीला उथळ बाजू नसते. उतरण्याआधी मोटर बंद. नुसतं स्टार्टरचं बटण दाबून भागत नाही. ऑटो स्विच असेल तर लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, आणि पाण्यातल्या केबलला चीर असेल तर करंट पाण्यात उतरतो. मेन स्विच खाली ओढा, फ्यूज काढा आणि काठावर थांबणाऱ्या माणसाच्या खिशात द्या. हा माणूस पोहणारा हवा, हातात दोरीला बांधलेली हवा भरलेली ट्यूब हवी. तुम्ही स्वतः पाण्यात, लेकीपासून हातभर अंतरावर. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर येतं, मान मागे पडते आणि आवाजच निघत नाही. काठावरून ते कळायला उशीर होतो.

आता डबा. पूर्वी वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. आज खाद्यतेलाचा ५ लिटरचा प्लॅस्टिक कॅन उत्तम. साबणानं आतून धुवा, झाकण घट्ट लावून पाण्याखाली दाबून धरा. बुडबुडे आले तर तो कॅन बाद. दोरी सुती घ्या. नायलॉनची गाठ ओली झाली की सरकते, सुती दोरीची आवळते. दोन फेरे काखेखालून आणि दोन्ही खांद्यांवरून दप्तराच्या पट्ट्यांसारखे. अंगात टी-शर्ट असू द्या, नाहीतर काखा सोलवटतात. कॅन खांद्यांच्या पात्यांमध्ये बसला पाहिजे. तो कमरेकडे घसरला की कंबर वर उचलली जाते आणि तोंड पाण्यात जातं. नवशिक्या बापाची चूक हमखास इथेच होते.

पहिला दिवस पायरीवरच काढा. पायरी धरून तोंड पाण्यात, नाकातोंडानं बुडबुडे, मग तोंड वर काढून श्वास. हे वीस-पंचवीस वेळा न ठसकता जमेपर्यंत पुढे जायची घाई नको. मग पायरी धरूनच पाय. पाय मांडीपासून हलावेत, गुडघा सैल पण जवळपास सरळ, घोटा ढिला. सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले की पाणी मागे ढकललं जात नाही, पाय खाली जातात. उताणं तरंगणंही डबा बांधण्याआधीच शिकवा: तुमचा तळवा तिच्या मानेखाली, कान पाण्यात, पोट वर, नजर आभाळाकडे.

डब्याची खरी खुबी तो कमी करण्यात आहे. रिकामा ५ लिटरचा कॅन तिला साधारण ५ किलोंनी वर उचलतो. त्यात १ लिटर पाणी भरलं की उचल ४ किलोंवर येते, कारण पाण्यातल्या पाण्याला वजन लागत नाही. शरीर तसंही जवळपास स्वतःच तरंगतं. कॅन हवा तो फक्त डोकं वर राहावं म्हणून. समोरच्या कडेपर्यंत पाच फेऱ्या दम न लागता झाल्या की १ लिटर भरा, दिवसाला एकदाच. हे तिला सांगून करा, पाणी तिच्याच हातानं भरू द्या. चोरून दोरी सोडलीत आणि तिनं गटांगळी खाल्ली, तर तुमच्यावरचा भरवसा गेला. एखाद्या दिवशी ती दमलेली दिसली तर कॅनमधलं लिटरभर पाणी खुशाल बाहेर ओतून टाका.

सुरुवातीला एका वेळी १५-२० मिनिटं पुरे. विहिरीचं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं. ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर. मुटके, म्हणजे पाय पोटाशी घेऊन मारलेल्या उड्या, इतक्यात नकोत. सूर तर विहिरीत नकोच, कारण उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मागच्या वर्षी बुडालेला दगड यंदा डोक्याच्या टप्प्यात येतो.

कॅनमध्ये लिटरभरच हवा उरली आणि तरी श्वास लयीत चालला, की डबा सोडायचा दिवस. तेव्हा तिला पायरीपासून दोन हात आत न्या आणि पायरीकडे येऊ द्या. पायरीकडून आत कधीच नाही. मग तीन हात, मग चार.